गुंज्याचा खांदा

वडवणी,
ता. ४ डिसेंबर २०१२

प्रिय मालनअक्का,

जय भीम. तुझा बैल पोचला. काल सकाळी दूध आणायला दार उघडलं तर गेटाला गुंज्या बांधलेला, आणि तू रस्त्याच्या वळणावर पाठमोरी चाललेली. मी हाक मारली. तू थांबली नाहीस. गुंज्या मात्र माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याला पाहुणा म्हणून बोलावून घेतलंय.

फोन तू उचलत नाहीस. काल संध्याकाळी कारखान्याच्या गाडीतळावर आलो, तर मला बघून तू कोपीत शिरलीस आणि दाराला लावलेलं लुगडं खाली सोडलंस. दाजी बाहेर बिडी ओढत बसले होते, तेही आभाळाकडे बघायला लागले. आभाळात यंदा बघण्यासारखं काय आहे? म्हणून हे पत्र. ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर कचरू ते तुझ्या हातात देईल. तू चौथी शिकलेली आहेस, तेव्हा वाचता येत नाही हा बहाणा माझ्यापुढे चालायचा नाही. आईबाप फडात गेल्यावर कोपीपुढच्या मातीत काडीने मला बाराखडी तूच शिकवलीस.

रविवारी काय झालं ते पुन्हा सांगतो, कारण तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस. आम्ही पाचसहा जनावरांचे डॉक्टर दर रविवारी पदरची औषधं घेऊन गाडीतळावर येतो. कुणी सरकारी नोकरीतला, कुणाचा खासगी धंदा. आम्हाला कुणी पाठवत नाही आणि कुणी बोलावतही नाही. यंदा मात्र कारखान्याच्या संचालक मंडळाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: खांदा फुटलेला बैल बरा होईपर्यंत जुंपायचा नाही, आणि तशी गाडी वजनकाट्यावर घ्यायची नाही. सहकारी कारखाना आहे. मतं सभासदांची, बैलांना मत नाही. तरीही हे पदरात पाडून घ्यायला आम्ही किती चकरा मारल्या ते मनकर्णाला विचार. माझ्या चपला तिनेच बदलल्या.

गुंज्याच्या खांद्यावर तुम्ही हळद भरून चिंधी बांधली होती. तिथे माश्या घोंगावत होत्या. आमच्यातला सगळ्यात नवा डॉक्टर धर्मराज, त्याने चिंधी सोडली आणि मला हाक मारली. तू माझी बहीण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी खांदा दाबला तर आतून पू आला. दाजी म्हणाले, "भारत, आज येक खेप जाऊ दे, उद्या सोडतो." मी नाही म्हणालो. त्याआधी त्याच सकाळी इतरांनाही नाहीच म्हटलं होतं. बहिणीला हो म्हटलं असतं तर त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

तू एवढंच बोललीस, "थांबिवलास न्हवं? आता तूच संभाळ." तू ते खरं करून दाखवशील असं वाटलं नव्हतं.

असो. जखम धुतली, पू काढला, मलम भरलं. क्वार्टरच्या मागे कडुलिंबाखाली बांधलाय. मनकर्णा म्हणते, अक्कांनी बरोबर केलं, रोज दुसऱ्याला उपदेश करता, आता घरात करा. तिच्या बोलण्यातला अर्थ आज सकाळपासून कळायला लागलाय. कडब्यासाठी तीन गावं फिरलो आणि एक पेंडी आणली. टँकरचं पाणी येतं त्यात आमची आंघोळ आणि गुंज्याचं पिणं यांत गुंज्याचा नंबर पहिला. आजवर शेकडो लोकांना सांगत आलो की बैलाला महिनाभर बसवून खाऊ घाला. ते मान खाली घालून ऐकायचे. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

उत्तर पाठव. शिवी लिहिलीस तरी चालेल.

तुझा,
भारत


वडवणी,
ता. २६ डिसेंबर २०१२

प्रिय अक्का,

जय भीम. गुंज्या सुधारतोय. जखम आतून भरत चालली आहे, सूज उतरली. खातोही चांगलं.

तू कचरूबरोबर उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्याचा, भारा पाठवलास. मी कचरूला विचारलं, अक्का काय म्हणाल्या?

"काय न्हाई. भारा ट्रॅक्टरवर टाकला आन म्हणल्या, बैलाच्या म्होरं टाक."

"आणि माझ्यासाठी काही?"

"तुमी वाढं खाता का, डॉक्टर?"

मनकर्णा दिवसभर हसत होती. मी मात्र त्या भाऱ्याचा अर्थ लावत बसलो. तुझा राग असा आहे की तो बैलाला वगळून माझ्यापर्यंत येतो. लहानपणीही तू असंच करायचीस. माझ्याशी बोलणं बंद आणि माझ्या ताटात भाकरी मात्र मोठी.

कॉलनीत गुंज्याने नाव काढलंय. शेजारच्या क्वार्टरमधल्या मंजुळाबाई पहिल्या आठवड्यात तक्रार घेऊन आल्या. शेणाचा वास येतो, माश्या होतात, ही सरकारी वसाहत आहे की गोठा? मी हात जोडले. आता त्याच मंजुळाबाई रोज सकाळी भाजीची देठं आणि पालापाचोळा घेऊन येतात, त्याच्याशी बोलतात, आणि मी समोर दिसलो की गप्प होतात. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, फोन करत नाही, हे गुंज्याला सगळं ठाऊक आहे.

कचरूकडून दुसरंही कळलं. एका बैलावर गाडी चालत नाही, म्हणून दाजींनी गाडी परत केली आणि तुम्ही डोकी सेंटरला लागलात. म्हणजे ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढवायची. हे तुला सांगण्यात काही अर्थ नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ऐकल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. मी आपला खांदा फुटलेल्या बैलाचा विचार करत होतो, आणि गाडीतला ऊस कुठे जाणार याचा विचार केला नव्हता. ऊस काही तोडायचा थांबत नाही.

पुढे काय करायचं ते सुचत नाही. सोडून इकडे ये म्हणालो तर तू हसशील. टोळी अर्ध्यावर सोडता येत नाही हे मलाही कळतं. आणि नियम मागे घ्या असं मी म्हणणार नाही. तो खांदा तू पाहिला होतास, अक्का. चिंधी तूच बांधली होतीस.

तुझा,
भारत


वडवणी,
ता. २१ जानेवारी २०१३

प्रिय अक्का,

जय भीम. गुंज्याचा खांदा अजून हळवा आहे. वरून कातडी धरलेली दिसते, बघणाऱ्याला वाटेल बरा झाला, पण आतलं मांस कच्चं असतं. अशा वेळी जू ठेवलं तर पहिल्यापेक्षा वाईट फुटतो. आमच्या शास्त्रात याला फार जपावं लागतं. थंडीचाही परिणाम असतो. शिवाय कातडीखाली गाठ राहिली आहे का, ते कळायला वेळ लागतो. त्यामुळे एवढ्यात नेण्याची घाई करू नकोस. एवढं लांबण लावायचं कारण इतकंच की तुला नीट कळावं.

मनकर्णा शेजारी लसूण सोलत बसली होती. 'हळवा' हा शब्द तिने वाकून वाचला, लसणाची परडी उचलली आणि आत गेली. 

परवा गुंज्याने दावं तोडलं. सगळ्या कॉलनीला वळसा घातला, मंजुळाबाईंची कोथिंबीर फस्त केली, आणि आरोग्य खात्याच्या जीपला शिंग घासून परत कडुलिंबाखाली येऊन उभा राहिला. त्याच्यामागे पळताना मला धाप लागली, त्याला नाही. तरी हळवाच म्हणायचा.

आणखी एक गंमत. बाजारच्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो तर गुंज्याच्या शिंगाला लाल लोकरीचा गोंडा. मनकर्णाला विचारलं तर म्हणाली, बाजारात दिसला, घेतला. ओट्यावर चहाचे दोन कप धुऊन पालथे घातलेले होते. मंजुळाबाई आल्या असतील. त्या चहा पीत नाहीत, असं मला वाटत होतं.

काल रविवार होता, आम्ही तुमच्या तळावर आलो होतो. बैलांच्या शिंगांना तेल, खुरांना पत्र्या, खांद्यांना मलम. रांग मोठी होती. खांदे यंदा कमी फुटलेत, धर्मराज फार खूश होता. पलीकडच्या फडात तू दिसलीस. डोक्यावर मोळी, तिच्याखाली चुंबळ, मान ताठ. मी हात वर केला. तू पाहिलंस हे मला कळलं, कारण तू पावलं मोजून टाकायला लागलीस. मोळी खाली न टाकता फडाच्या दुसऱ्या टोकाला वळलीस. तेवढ्यात मला एका बैलाचं शिंग धरायला बोलावलं.

भगवानराव सुताराकडे नवीन जू करायला टाकलंय. बाभळीचं, रुंद बैठकीचं, घासून गुळगुळीत केलेलं. ते होईपर्यंत तरी गुंज्या इथेच राहू दे.

तुझा,
भारत


वडवणी,
ता. २५ फेब्रुवारी २०१३

प्रिय अक्का,

जय भीम. गुंज्या बरा आहे. आजचा नाही, मागचं पत्र लिहिलं त्याच्याही आधीपासून. खांदा कोरडा आहे, गाठ नाही, कातडी जाड झाली आहे. मागच्या पत्रात शास्त्राचं नाव घेऊन जे लिहिलं ते सगळं मी जुळवलेलं होतं.

कारखान्याचा पट्टा पडल्याचं परवा कळलं. ऊसच संपला. दोन महिने आधी हंगाम आटोपला आणि टोळ्या घरी निघाल्या. कचरूने सांगितलं, तुम्ही दोघं आष्टीकडच्या गाडीने गावी गेलात, गुंज्याच्या जोडीच्या सरदारला टेम्पोत घालून. तू गावाला गेल्यावर हे लिहितोय, हे तुझ्या लक्षात येईलच. गुंज्या वेळेवर परत केला असता तर उरलेला हंगाम तुम्ही गाडीवर काढला असता. तू डोक्यावर जे वाहिलंस, त्यातलं बरंचसं माझ्यामुळे वाहिलंस.

का दिला नाही ते सांगतो. पटलं तर बघ. गुंज्याचा जुना जोडीदार लाख्या गेल्यावर दाजींनी सरदार आणला. सरदार खिलार, उंच. आपला गुंज्या लाल कंधारी, बसका. एका जुवाखाली दोघं उभे राहिले की जू तिरकं होतं आणि गाडीचं ओझं बुटक्याच्या खांद्यावर उतरतं. म्हणजे खांदा काही नशिबाने फुटला नव्हता. मी तो बरा करून पाठवला असता आणि पंधरा दिवसांत तो त्याच जागी पुन्हा फुटला असता. मग पुढच्या रविवारी मी पुन्हा येऊन म्हणणार, हा सोडा. या खेळाला काय अर्थ आहे? मी रोज सकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो आणि ठरवायचो की आज कळवू. हात काढला की वाटायचं, उद्या.

आणि एक गोष्ट बोलायला लाज वाटते. मला त्याचा लळा लागलाय. संध्याकाळी घरी आलो की तो मान वळवून बघतो. सगळी हयात जनावरांत गेली, पण ती सगळी दुसऱ्यांची. तपासायचं, सुई द्यायची आणि हात धुवायचे. हा पहिला माझ्या दारातला.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक हिशेब राहतोच. बैलाचा खांदा वाचला तो तुझ्या मानेवर आला. आमच्या रविवारच्या मंडळींत मी हे बोलून दाखवलं. धर्मराज म्हणाला, सर, आपण जनावरांचे डॉक्टर आहोत. बरोबर आहे त्याचं. चहा पिऊन आम्ही उठलो.

आता बैल तुझा, निर्णय तुझा. म्हणशील त्या दिवशी आणून पोचवतो. तुमच्या गावची चारा-छावणी सुरू झाली असेल तर तिथे बांध, नाहीतर पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे राहू दे. फक्त सरदारच्या जोडीला गाडीला जुंपू नकोस, एवढं मागतो. तेही ऐकलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
भारत


वडवणी,
ता. १५ एप्रिल २०१३

प्रिय अक्का,

जय भीम. गुंज्या ठीक आहे.

काल तू माझ्याशी बोललीस. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहितोय. तू बोललेलंच तुला परत लिहून पाठवणं वेडेपणाचं दिसेल. पण वाटेत जीपमध्ये मी ते सारखं मनात म्हणत होतो, ते कुठेतरी उतरवल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

जयंतीचा दिवस. सकाळी झेंडावंदन करून आमची मंडळी थेट तुमच्या गावच्या छावणीत आली. दूध संस्थेने छावणी बरी ठेवली आहे, सावलीला शेडनेट आहे, पाण्याचा हौद भरलेला होता. तू निळ्या काठाची साडी नेसून सरदारपुढे कडबाकुट्टी टाकत होतीस. मला वाटलं, आताही पाठ फिरवशील. तू फिरवली नाहीस.

मी म्हणालो, "अक्का, मी खोटं लिहिलं होतं."

"म्हाईत हाय मला. बाजारच्या दिवशी यून गेलते मी. तू दवाखान्यात हुतास. हात लावून बघितला खांदा, खडखडीत वाळलेला. मनकर्णानं च्या केला. तिला म्हणलं, त्याला सांगू नकू."

मला तो गोंडा आठवला. दोन कप आठवले. मनकर्णा लसूण घेऊन का उठून गेली तेही कळलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बहुतेक गुंज्यालाही.

"मग त्याच दिवशी नेला का नाहीस?"

"निऊन खायला काय घालू? फडात ऊस कमरंएवढा बी न्हवता, त्याला वाढं कुटून येणार? येकट्या सरदारला पुरंना. दोघं येका जागी आणले असते तर दोघं बी गेले असते. बाजारात लोक बैल कसे इकत हुते तू बघितलंस न्हवं? कुणाच्या हाती जात हुते ते बी बघितलंस. म्हणलं, हितं भारतच्या दारात येक तरी जगल. त्याला मरू द्यायचा न्हाई तू."

"म्हणजे गेटाला बांधून गेलीस ते..."

"तवा रागच हुता. मागून कळलं, बरंच झालं."

"आणि मोळ्या? दोन महिने डोक्यावर?"

तू हातातली कुट्टी झटकलीस. "बैल मेला तर पुन्ना घ्यायला कुटून आणावा? मान काय, रातच्याला शेकली की सकाळी चालू."

दाजी हौदाजवळ उभे राहून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "लई दुखती तिची मान. सांगत न्हाई ती." तू त्यांच्याकडे बघितलंस, तसे ते पुन्हा आभाळाकडे बघायला लागले. मेव्हणे म्हणून दाजींचा मला फार आधार आहे.

मग मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं, प्रकरण मिटत आलं होतं. पण मला कळेना. बैलावरून राग नाही, मोळ्यांवरून नाही, खोटं लिहिल्याचाही नाही. "मग इतके दिवस बोलली नाहीस ते कावून, अक्का?" बघ, तुझ्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडे वळते.

तू सरदारच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस. म्हणालीस, "गाडीतळावर आलास तू. गुंज्याचा खांदा दाबून बघितलास. पापणी वर करून डोळा बघितलास. नाकावरून हात फिरिवलास, त्याला बाबा-पुता केलंस. चांगलं केलंस, त्याचं मला काय न्हाई. आमी तितंच हुतो, जुवापशी. मला येकदा तरी म्हणलास का, अक्का, कशी हाइस?"

तेवढ्यात धर्मराज पळत आला. पलीकडच्या दावणीला एक म्हैस फुगली होती, पडायला आली होती. आणि मी गेलो. म्हैस वाचली. परत आलो तेव्हा तू घरी गेली होतीस आणि दाजी म्हणाले, जेवायला बोलिवलंय, पण जीपमधल्या बाकी मंडळींना निघायचं होतं.

आता उत्तर. त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं नाही, असं नाही. गाडीजवळ यायच्या आधीच, लांबूनच पाहिलं होतं. तुझे गाल बसलेले होते, हाताला कोयत्याची चीर होती, तिलाही चिंधीच बांधलेली. जवळ येऊन तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर 'हा सोडा' असं मला म्हणता आलं नसतं. म्हणून मी बैलाकडे बघत राहिलो. बैलाकडे बघून नाही म्हणणं सोपं असतं. त्याला सोडायचं असतं, आणि त्याच्या बाजूने बोलायला आम्ही सहाजण, कारखान्याचा नियम आणि वजनकाटा असे सगळे उभे असतो. तुझ्या बाजूने बोलायला तिथे मी एकटाच होतो, आणि मी खांदा दाबत होतो.

हे काही उत्तर झालं नाही, मला कळतं. पण खरं आहे ते एवढंच.

तुझा,
भारत


वडवणी,
ता. ४ सप्टेंबर २०१३

प्रिय अक्का,

जय भीम. पेरणीआधी तुमच्याकडे परत गेलेला गुंज्या नवीन जुवाखाली कसा चालतो ते दाजींनी फोनवर सांगितलं. पेरणीला, कोळपणीला काही त्रास झाला नाही, खांद्यावर ओरखडासुद्धा नाही. गाडीला तो जुंपायचा नाही असं तू ठरवलंस, तेही कळलं. मी मागितलं म्हणून नव्हे, तुझ्या मनाला आलं म्हणून, हा निरोप दाजींनी शब्दाला शब्द पोचवला. इथे कडुलिंबाखालची जागा मोकळी दिसते. मंजुळाबाई अजून सकाळी देठं घेऊन येतात आणि परत नेतात.

उद्या पोळा, म्हणजे आज खांदेमळणी. सण आपल्या घरातून आजोबांनी छप्पन साली सोडले. पण आईने खांदेमळणी सोडली नाही. आजोबा रागवायचे, तर ती म्हणायची, "ह्यात द्येवाचं काय न्हाई. वरीसभर वढलंय त्यानं, त्याचा खांदा चोळायचा नाय तर कुणाचा?" मग गरम पाण्याने खांदा शेकायचा, लोण्यात हळद कालवून चोळायची, आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी डॉक्टर झाल्यावर कळलं की वर्षातून एकदा बैलाचा खांदा नीट तपासून बघायची ती सगळ्या गावाची रीत आहे. व्याख्यानातून मी हे बऱ्याचदा सांगितलं. टाळ्याही मिळाल्या.

आज सकाळी लोणी बघितल्यावर मात्र पुढचं आठवलं, ते मी कुठल्याच व्याख्यानात सांगितलेलं नाही. बैलाचं झालं की हाताला उरलेलं लोणी आई तुझ्या मानेला चोळायची. तू तेव्हाही मोळ्या वाहायचीस, परकर घालायच्या वयापासून. तू खाली बसायचीस, वेणी पुढे घ्यायचीस, आणि बैलाला 'दुखतंय का रं?' विचारायची त्याच आवाजात ती तुलाही विचारायची. मी शेजारी बसलेलो असायचो. माझी मान कधी दुखली नाही, कारण मला तुम्ही मोळी उचलू दिलीच नाही. मी पाटी-पुस्तक घेऊन बसायचो आणि बैल बघायचो.

तेव्हा आता ऐक. येत्या रविवारी मी जनावरं तपासायला जाणार नाही. मंडळींना तसं सांगितलंय. धर्मराज म्हणाला, सर, कुणाचं जनावर? मी म्हणालो, बहिणीला दवाखान्यात न्यायचंय. तो म्हणाला, त्या गाडीतळावरच्या? मी हो म्हणालो. त्याने त्याच्या ओळखीच्या, बीडमधल्या एका हाडांच्या डॉक्टरचं नाव दिलं. माणसांचा डॉक्टर आहे, घाबरू नकोस. मान दाखवायची, फोटो काढायचा, आणि तो जे सांगेल ते दाजींच्या देखत ऐकायचं. त्याने ओझं उचलायचं नाही असं सांगितलं, तर पुढच्या हंगामाचं काय, हे आपण तिघं बसून बघू. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार नाही. पण यावेळी ते काढताना मी तुझ्याकडे बघत असेन.

तू म्हणशील, मला काय झालंय, मी काय बैल हाय का. म्हण. आली नाहीस तर मी गुंज्याला सोडून आणीन आणि माझ्या गेटाला बांधीन, आणि तू न्यायला आलीस की तुला गाडीत घालीन. ही रीत मी तुझ्याकडूनच शिकलोय.

हे पत्र दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, संध्याकाळच्या आत तुला मिळेल. आज त्याचा खांदा चोळून झाला की हात लगेच धुऊ नकोस. दाजींना सांग, उरलेलं लोणी तुझ्या मानेला लावायला.

आणि हे बघ, पुन्हा चुकलं. सगळ्यात आधी लिहायचं असं ठरवून बसलो होतो, तरी सुरुवात बैलापासूनच झाली. रविवारी तोंडाने विचारीनच, पण तोवर इथे लिहून ठेवतो.

अक्का, कशी हाइस?

तुझा,
भारत